हिरव्या झेंडीचा बेडूक

मावशी,

मी धुळ्याला सासरी असते, माहेर चाळीसगावचं. वडील, आमचे नाना, रेल्वेत होते. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास मामांनी मस्कतहून दोन व्हिडिओ कॅसेट आणल्या होत्या, एक मपेट शोची आणि एक सेसमी स्ट्रीटची, दोन्ही बाहुल्यांचे इंग्रजी कार्यक्रम. आम्हाला इंग्रजी कळायचं नाही. नाना टीव्हीचा आवाज पार बारीक करून सगळ्या बाहुल्यांना स्वतःच अहिराणीत बोलायला लावायचे. रेल्वेच्या जुन्या हिरव्या झेंडीचा एक बेडूकही त्यांनी शिवला होता, शर्टाच्या बटणांचे डोळे लावून. भाऊ तेव्हापासून या बाहुल्यांच्या नादी लागला तो आजही आहे. कुठल्या बाहुलीमागे कुठला कलाकार, सगळं त्याला तोंडपाठ.

माझा मुलगा पाच वर्षांचा. त्याचा लाल एल्मो, सेसमी स्ट्रीटवरचाच बाहुला, म्हणजे जीव की प्राण. यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलो. दुपारी भावाने पेटीतून नानांचा बेडूक काढून भाच्याच्या हातात दिला. पोरगा म्हणाला, "हा बोलत नाही, मला एल्मोच पाहिजे." भाऊ एकदम भडकला. "हा लाल खरा नाहीच. याने सगळ्यांच्या जागा खाल्ल्या. कर्मिट बेडकाला बाहेर काढलं, ग्रोव्हरला कोपऱ्यात बसवलं. आवाज बदलले, आता सगळं नावालाच उरलंय," असं म्हणत त्याने एल्मो माळ्यावर फेकला. आईने उतरवून दिला, पण पोरगा रडून रडून झोपला. मीही बोलले, "काळ बदलतो. चाळिशी ओलांडलीस आणि बाहुल्यांवरून भांडतोस?" आणि संध्याकाळच्या गाडीने निघून आले. तेव्हापासून बोलणं नाही.

नाना जाऊन चार वर्षं झाली. राखी जवळ येतेय. भावाचं बरोबर आहे का? नव्या पात्रांनी जुन्यांची जागा घेणं चूक असतं का? आणि राखीला जाताना एल्मो घरीच ठेवून जाऊ का?

एक बहीण, धुळे


पोरी,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. एल्मो घरी ठेवू नको. पाच वर्षांच्या पोराला मामाकडे जाताना आवडती वस्तू मागे ठेवायला लावलीस, तर मामाच्या घरी आपलं आवडतं काही चालत नाही, एवढंच त्याच्या मनात बसेल. एल्मो पिशवीत वरच ठेव, कपड्यांखाली दाबून नको.

आता भावाचं. तुझ्या पत्राचा सूर असा आहे की एवढा मोठा माणूस क्षुल्लक गोष्टीवरून भांडला. मला ती गोष्ट क्षुल्लक वाटत नाही. त्याचं निम्मं म्हणणं खरं आहे, आणि ते खरं आहे असं कुणीतरी त्याला एकदा म्हणायला हवं.

सेसमी स्ट्रीट सुरू झालं १० नोव्हेंबर १९६९ रोजी. बिग बर्ड, बर्ट, अर्नी, कुकी मॉन्स्टर, ग्रोव्हर ही मंडळी सुरुवातीच्या काळातली. एल्मो तेव्हा नव्हता. तो पुढे गर्दीतला एक लाल बाहुला म्हणून आला. रिचर्ड हंट नावाचे कलाकार काही काळ तो चालवायचे, पण त्यांचं त्याच्याशी जमलं नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी तो केव्हिन क्लॅश या तरुण सहकाऱ्याकडे सोपवून दिला. क्लॅश यांनी त्याला साडेतीन वर्षांच्या पोराचा किनरा, लाडिक आवाज दिला आणि त्या बाहुल्याचं नशीबच पालटलं. १९९६ साली गुदगुल्या केल्यावर हसणारा एल्मो खेळणं म्हणून बाजारात आला, तेव्हा नाताळच्या तोंडावर अमेरिकेतल्या दुकानांत त्याच्यासाठी लोटालोटी झाली. १९९८पासून कार्यक्रमाच्या शेवटी एल्मोचा स्वतंत्र भाग सुरू झाला. कार्यक्रम तेव्हा तासाभराचा. तो तास काही वाढला नाही, म्हणजे एल्मोला दिलेली मिनिटं कुणाच्या तरी वाट्यातून गेली. ग्रोव्हरवर जीव असणाऱ्या माणसाला ती मोजता येतात. बाहुली बघणाऱ्याचं वय घटत गेलं होतं, दोन-तीन वर्षांची लेकरं टीव्हीसमोर बसू लागली होती आणि त्यांना साडेतीन वर्षांचा सोबती जवळचा वाटत होता. कारण समजण्यासारखं आहे. पण कारण समजलं म्हणून ग्रोव्हर कमी दिसल्याचं दुःख कमी होत नाही.

कर्मिटच्या बाबतीत मात्र भाऊ चुकतोय. कर्मिटला एल्मोने बाहेर काढलेलं नाही. तो मपेट बाहुल्यांचे निर्माते जिम हेन्सन यांच्या कंपनीचा बाहुला. सेसमी स्ट्रीटवर तो बातमीदाराचा कोट घालून यायचा तो पाहुणा म्हणून. पुढे मालकी वाटली गेली. एल्मो, ग्रोव्हर, बिग बर्ड ही पात्रं सेसमी स्ट्रीट काढणाऱ्या सेसमी वर्कशॉपकडे राहिली, आणि कर्मिट, मिस पिगी, फॉझी, गोंझो २००४ साली डिस्नेकडे गेले. भावकीत वाटणी झाली की एकाच अंगणात खेळणारी पोरं दोन घरांची होतात, तसंच हे. तुझ्या भावाला हा व्यवहार ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. ज्याला बाहुल्यांमागचे हात पाठ आहेत त्याला हे नक्की माहीत असणार. रागाच्या भरात माणूस सगळे गुन्हे समोर दिसेल त्याच्या अंगावर घालतो, आणि त्या दुपारी समोर एल्मो होता.

नव्यांनी जुन्यांची जागा घ्यावी का, असं तू विचारलंस. मला वाटतं नवं पात्र आणणं चूक नसतं, पण त्याला जुन्याच्या खुर्चीत नेऊन बसवलं की त्या बिचाऱ्याचे हाल होतात. १९९६ साली मपेट मंडळींचा नवा कार्यक्रम निघाला. त्यात सूत्रसंचालक म्हणून क्लिफर्ड हा बाहुला पुढे आणला आणि कर्मिटला पडद्यामागच्या कामाला लावलं. क्लिफर्ड चांगला होता. चालवत होते पुन्हा केव्हिन क्लॅशच, म्हणजे हातही कसलेला. तरी लोकांना दिसायची ती खुर्ची, आणि त्या खुर्चीत नसलेला बेडूक. दोन हंगामांत कार्यक्रम आटोपला. त्याच कार्यक्रमात लिफ्टमध्ये काम करणारी एक जोडी होती, सेमूर नावाचा हत्ती आणि त्याच्याबरोबर पेपे नावाचा झिंगा. हत्ती पुढे कुणाच्या लक्षातही राहिला नाही. पेपे राहिला, अजून आहे, आणि जुन्या चाहत्यांनाही तो आपला वाटतो. पेपेला कुणाच्याच जागी आणलेलं नव्हतं. तो लिफ्टमध्ये उभा राहिला, बोलत गेला आणि त्याची स्वतःची जागा झाली.

आपल्याकडे २००६ साली गली गली सिम सिम आलं तेव्हा बिग बर्डची हिंदी नक्कल केली नाही, शाळेच्या गणवेशातली चमकी आणि बूम्बा नावाचा सिंह आणला. पोरांनी चमकीला चमकी म्हणूनच घेतलं. आणि रामदास पाध्येंचं बघ. वडिलांचा, यशवंत पाध्येंचा, अर्धवटराव त्यांनी आयुष्यभर बोलता ठेवला, आणि शिवाय स्वतः नव्या बाहुल्या घडवल्या. चित्रपटातल्या तात्या विंचूचा बाहुला त्यांच्याच हातचा. तात्या विंचू आला म्हणून अर्धवटरावाला कुणी उठवलं नाही.

तुझा मुद्दाही खोटा नाही हं. काळ बदलतो. कर्मिट १९५५चा, पण साठच्या दशकात त्याच्याहून नावाजलेला होता रोल्फ नावाचा पियानो वाजवणारा कुत्रा. फॉझी अस्वल तर थेट १९७६ला, मपेट शोबरोबर आलं. भाऊ ज्यांना जुनेजाणते म्हणतो त्यांतले बरेच कर्मिटच्या मानाने उशिरा आलेले. हे सगळं खरं आहे, आणि तरी त्या दुपारी "काळ बदलतो" हे वाक्य तू काठीसारखं वापरलंस. खरी गोष्ट चुकीच्या वेळी बोलली की ती लागते.

ती वेळ कोणती होती, याकडे तुझं लक्ष गेलं का? मी तुझं पत्र तीनदा वाचलं. सगळं तू लिहिलंस, कॅसेट, पेटी, माळा, संध्याकाळची गाडी. आखाजीचं नावही लिहिलंस, पण त्या सकाळचं राहिलं. तो आखाजीचा दिवस होता. सकाळी घरात घागर पुजली असेल. घागरीवर डांगर, आंबे ठेवून नानांच्या नावाने पाणी सोडलं असेल, आणि ते सोडणारा हात तुझ्या भावाचा असेल. आखाजी आपल्या सासुरवाशिणींसाठी झोक्याचा, गाण्यांचा, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळीचा सण. घागर पुजणाऱ्याला त्याच सकाळी गेलेल्या माणसाची आठवण काढावी लागते. मीही कितीतरी वर्षं आखाजीला माहेरी झोक्यावरच होते. आत ओट्याशी भाऊ काय करतोय हे वळून पाहिलं नाही.

नानांची घागर पुजून झाल्यावर, जेवणं आटोपल्यावर तो पेटीकडे गेला, नानांनी शिवलेला बेडूक काढला आणि नानांच्या नातवाच्या हातात दिला. पोरगा म्हणाला, हा बोलत नाही.

पोराचं काही चुकलं नाही. बेडूक खरंच बोलत नव्हता. त्याला बोलवणारा माणूस चार वर्षांपूर्वी गेला.

जिम हेन्सन गेले १६ मे १९९० रोजी, त्रेपन्न वर्षांचे होते. आजार अचानक वाढला आणि काही दिवसांत संपलं. कर्मिटचा आवाज तेच, रोल्फचा तेच, अर्नीचा तेच. कर्मिट स्टीव्ह व्हिटमायर यांच्याकडे गेला आणि २०१७पासून तो मॅट व्होगेल यांच्याकडे आहे. प्रत्येक वेळी चाहत्यांमध्ये दोन तट पडले. काहींना नवा आवाज हळूहळू पटला, काहींना कधीच पटला नाही. पण तुमच्या घरातली गोष्ट वेगळी आहे. तुमची कॅसेट चाळीसगावला पोहोचली ती साधारण त्याच वर्षी, आणि नाना टीव्हीचा आवाज बारीक करायचे. तुमच्या घरात कर्मिटला हेन्सन यांचा आवाज कधी नव्हताच. तुमचा कर्मिट नानांच्या आवाजात "काय रे भो, कसा शे?" असं विचारणारा. तेव्हा "आवाज बदलले" असं भाऊ म्हणाला तो कुठल्या आवाजाबद्दल, ते तू एकदा शांतपणे आठवून बघ.

या बाहुलीवाल्यांनी आवाज गेल्यावर काय केलं, ते सांगते. सगळीकडे त्यांनी घाई केली नाही. रोल्फ काही वर्षं दिसायचा, पियानोशी बसायचा, पण बोलायचा नाही. त्याच्या तोंडी लगेच दुसऱ्या कुणाचा आवाज घालावा असं त्यांना वाटलं नाही.

आणि सेसमी स्ट्रीटवर किराणा दुकानाचे मालक मिस्टर हूपर होते. ते बाहुला नव्हते, विल ली नावाचे नट ती भूमिका करायचे. डिसेंबर १९८२मध्ये ली गेले. दुसरा नट घेता आला असता. हूपर गाव सोडून गेले, असं सांगता आलं असतं. त्यांनी मुलांच्या मनाचे जाणकार बोलावले, विचार केला, आणि नोव्हेंबर १९८३मधल्या एका भागात पोरांना सरळ सांगितलं. बिग बर्ड सगळ्यांची चित्रं काढून आणतो, वाटतो, आणि हूपरांचं चित्र हातात घेऊन त्यांना द्यायला निघतो. मोठी माणसं त्याला सांगतात की ते वारले, आता येणार नाहीत. तो विचारतो, मग माझा मिल्कशेक कोण बनवणार? दुकानात काम करणारा डेव्हिड म्हणतो, मी बनवीन. बिग बर्डला तेवढं पुरत नाही. पूर्वीसारखं होणार नाही, असं तो म्हणतो, आणि त्याचं म्हणणं कुणी खोडून काढत नाही.

ते दुकान पुढेही चालू राहिलं. काउंटरमागे डेव्हिड आला, नंतर हँडफर्ड, मग अ‍ॅलन. दुकान चालवायला माणूस लागतोच. पण दुकानाला हूपरांचंच नाव राहिलं, आजही आहे.

या गोष्टीतला डेव्हिड मला फार आवडतो. मिल्कशेक मी बनवीन म्हणाला, मी हूपर आहे असं कधी म्हणाला नाही.

आता तू काय करावंस ते सांगते.

राखीची वाट पाहू नको. त्याआधी आपला कानबाईचा सण आहे. त्या रविवारी माहेरी सगळे भाऊबंद जमले असतील, रोटाची धावपळ असेल, तेव्हाही नको, कारण घर भरलेलं असताना असं बोलणं होत नाही. या आठवड्यातच एखाद्या रात्री फोन कर. बाहुल्यांचा विषय काढू नको. एल्मोची बाजूही मांडू नको, त्याला वकिलाची गरज नाही. एवढंच म्हण की चाळिशीचं बोलले ते चुकलं, आणि त्या दिवशी नानांची घागर होती हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मग गप्प राहा. तो काही बोलला नाही तरी फोन लगेच ठेवू नको.

एल्मो माळ्यावर फेकला ते त्याचंही चुकलंच. लहान पोराची वस्तू अशी भिरकावायची नसते. पण ते त्याला कळलेलं आहे असं मला वाटतं. भाच्याला रडवून मामाला चैन पडत नाही. ते त्याने पोराशी मिटवायचं आहे, तू मध्ये पडू नको.

मुलाला मात्र तू स्वतः सांग, धुळ्यातच, निघण्याआधी. तो बेडूक आधी बोलायचा. आजोबा त्याला बोलवायचे. आजोबा वारले, म्हणून तो गप्प आहे. "देवाघरी गेले, परत येतील" असलं काही नको. पाच वर्षांच्या मुलाला खरं कळतं, आपण आडवळणाने सांगतो तेव्हाच त्याचा गोंधळ होतो. तो विचारेल, मग आता कोण बोलवणार? तिथे थांब. "मामा बोलवेल" असं कबूल करू नको. भावाने नानांच्या हयातीत तो बेडूक कधी हातात घातला का, ते तू लिहिलं नाहीस. घातला नसेल, तर वडिलांच्या आवाजात बोलायला तो तयार आहे का, हे त्याचं त्यालाच ठरवू दे. कॅरोल स्पिनी यांनी १९६९पासून २०१८पर्यंत बिग बर्ड साकारला, आणि ते असतानाच मॅट व्होगेल त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं शिकले. तुमच्या नानांना तेवढी सवड मिळाली नाही. तुझ्या भावाला कुणी शिकवलेलं नाही.

त्याला एक मागणं जरूर कर. नाना त्या बाहुल्यांच्या तोंडी काय घालायचे, ते आठवेल तेवढं सांग म्हणावं. मपेट शोमधल्या, बाल्कनीत बसणाऱ्या त्या दोन खवचट म्हाताऱ्यांना काय बोलायला लावायचे, पिगीला काय म्हणायचे, अहिराणीत, जसंच्या तसं. तू वही घेऊन बस, नाहीतर मोबाइलवर आवाज भरून घे. त्यातलं अर्धं तुला आठवेल, अर्धं त्याला. तुझ्या पोराच्या कानावर धुळ्यात अहिराणी किती पडते? शाळेत नाहीच, घरीही तू त्याच्याशी शुद्ध मराठीतच बोलत असशील, आपण सगळ्याच बोलतो. त्याच्या वाट्याला आजोबांची भाषा यायची असेल, तर त्या बाहुल्यांच्या वाटेने ती सहज येईल. मला याची फार कळकळ वाटते, म्हणून विषय सोडून सांगते आहे.

भावाला बरं वाटावं म्हणून अजून एक सांग, त्याला माहीत असेल तरी सांग. सगळे हात बदललेले नाहीत. डेव्ह गोएल्झ १९७६पासून गोंझोमागे आहेत. तुमच्या कॅसेटमधला गोंझो आणि आजचा गोंझो एकाच माणसाच्या हातातले.

आणि बेडूक. हेन्सन यांनी पहिला कर्मिट आपल्या आईच्या टाकून दिलेल्या निळसर हिरव्या कोटाचा शिवला होता. डोळ्यांना पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून लावला. नानांनी रेल्वेची झेंडी आणि शर्टाची बटणं घेतली. तो बेडूक पेटीत दाबून ठेवू नका. झेंडीचं कापड जुनं झालं की घडीवर विरतं. धुवू नका, सावलीत झटका आणि आत जुनी सुती साडी भरून ठेवा, म्हणजे तोंडाची शिवण उसवणार नाही. राखीला गेलात की कोनाड्यात नाहीतर खुंटीवर, पोराच्या नजरेला पडेल असा ठेवायला सांग. एल्मो शेजारी बसला तर बसू दे. पोरगा कधी आपण होऊन त्यात हात घालेल, कधी घालणारही नाही. घातलाच, आणि स्वतःच्याच किनऱ्या आवाजात काहीतरी बोलला, तर भावाकडे बघू नको. त्याला त्याचं ऐकू दे.

फोनवर एक विचारून घे. एवढ्या मोठ्या पत्रात तू त्याला सगळीकडे नुसतं "नानांचा बेडूक" म्हटलंस. कर्मिट म्हणाली नाहीस. नानांनी झेंडी कापून, डोळे लावून पोरांच्या हातात दिलेल्या बाहुल्याला काहीतरी हाक मारली असणारच. भावाला आठवत असेल. त्याचं नाव काय होतं?

तुझी
मावशी